आठ तारांच्या गिटारला कोणता पिकप बसवावा?

भुसावळच्या एका तरुण वादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी आठ तारांची, २७ इंच स्केलची (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) गिटार जुन्यात घेतली. सर्वांत जाड तार एफ शार्पला लावली, की साध्या आवाजात ती बरी वाजते; डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) चढवले, की मात्र स्वर कळेनासा होतो आणि नुसती घरघर उरते. घरी ते ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातून) वाजवतात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर मंडपातही उभे राहतात. मूळचे पिकप (तारांच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे भाग) काढून अधिक दमदार पिकप बसवावेत का, ते अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) असावेत की पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारे), आणि चुंबक सिरॅमिकचे घ्यावे की अल्निको या मिश्रधातूचे, हे त्यांना ठरवायचे आहे.

मी जळगावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम शिकलो. पुढे बँजो पार्टीवाल्यांच्या बँजोचे पिकप भरून देऊ लागलो आणि तिथून गिटारकडे वळलो. या कामात इतकी वर्षे घालवल्यावर माझे मत स्पष्ट झाले आहे, ते आधीच सांगून टाकतो: सहापेक्षा जास्त तारांच्या गिटारला दमदार पिकप शोधू नये, स्पष्ट पिकप शोधावा. या दोन गोष्टी एकच आहेत असे जाहिरातींतून वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात.

कारण समजण्यासाठी आकडे पाहावे लागतील. साध्या गिटारची जाड ई तार ८२.४ हर्ट्झला वाजते. सात तारांच्या गिटारची बी तार ६१.७ वर येते आणि तुमची एफ शार्प ४६.२५ वर. बेस गिटारची ई तार ४१.२ हर्ट्झची असते, म्हणजे तुम्ही बेसच्या घरात जाऊन बसला आहात. गिटारच्या अँपमधला १२ इंची स्पीकर मात्र साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली आवाजात कमी कमी होत जातो, त्यामुळे त्या तारेचा मूळ स्वर तो नीटसा वाजवतच नाही. तरीही आपल्याला स्वर ऐकू येतो, कारण ९२, १३८, १८५ अशा पटीतल्या उपस्वरांवरून कान मूळ स्वर ओळखतो. तंबोऱ्यावर कान असलेल्यांना हे निराळे सांगायला नको. खर्जाच्या तारेची जवारी बिघडली, की तार हलताना दिसते पण बोलत नाही. जवारी लागली, की वरचे स्वर उमलतात आणि तोच खर्ज भरलेला वाटतो. आठव्या तारेच्या पिकपकडून हीच अपेक्षा ठेवायची आहे. खालचा भार त्याने कमी उचलला तरी चालेल, वरचे उपस्वर मात्र त्याने दाबता कामा नयेत.

डिस्टॉर्शनमध्ये हे आणखी तीव्र होते. एफ शार्प आणि त्याच्या वरचा सी शार्प एकत्र वाजवला, तर ४६ आणि ६९ हर्ट्झ एकमेकांत मिसळतात आणि डिस्टॉर्शन त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे आवाज तयार करते. त्यांतला वजाबाकीचा २३ हर्ट्झचा आवाज स्वर म्हणून ऐकू येत नाही, पण तो बाकी सगळ्याला हलवत राहतो. तुम्ही ज्याला घरघर म्हणता ती बहुतांशी हीच आहे. त्यावर अधिक दमदार पिकप बसवणे म्हणजे हाच गाळ जास्त जोराने डिस्टॉर्शनमध्ये ढकलणे.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करा. इंटरफेसमधून वाजवताना प्लगइनच्या (संगणकातल्या इफेक्टच्या) साखळीत, डिस्टॉर्शनच्या आधी, एक हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारा) लावा आणि तो हळूहळू १०० ते १५० हर्ट्झपर्यंत वर न्या. अनेक वादक डिस्टॉर्शनच्या अँपपुढे ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल, त्याचे ड्राइव्हचे बटण जवळजवळ शून्यावर ठेवून, लावतात, त्याचेही कारण हेच आहे: त्या पेडलची रचनाच सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगच्या (आवाज फाटण्याच्या) आधी उतरता ठेवते. फिल्टर लावताच आठवी तार बोलू लागली, तर तुमचे पिकप वाईट नाहीत. त्यांच्यातून येणारा खालचा भार आटोक्यात आणायचा आहे. फिल्टर लावूनही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा राहिला, तर मात्र पिकप बदलण्यात अर्थ आहे.

दुसरी परीक्षा पिकपच्या उंचीची. माझ्याकडे येणाऱ्या सात-आठ तारांच्या गिटारींपैकी कितीतरी गिटारींचा प्रश्न एका स्क्रू-ड्रायव्हरने सुटलेला आहे. जाड तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरा आणि तारेचा खालचा काठ व पिकपचा माथा यांतले अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. खर्जाच्या बाजूला मी ३ ते ३.५ मिलिमीटरपासून सुरुवात करतो आणि पातळ तारांच्या बाजूला साधारण २ मिलिमीटर ठेवतो, म्हणजे पिकप तिरका बसतो. आठ तारांच्या पिकपचे चुंबक लांब असते आणि ०.०७४ इंची तारेत लोखंड भरपूर असते, त्यामुळे पिकप फार जवळ असला तर चुंबक तारेला स्वतःकडे ओढते, स्वराची आस (टिकून राहणारा नाद) तुटते आणि एकाच स्वरात दोन स्वर भांडत असल्यासारखा डोल ऐकू येतो. मानेकडचा पिकप पूर्ण खाली नेल्यावर तो डोल गेला, तर दोष चुंबकाच्या ओढीचा होता असे समजावे.

तारांबद्दल थोडेच सांगतो. आठवी तार सैल असेल तर कोणताही पिकप तिला सावरू शकत नाही. जाडी आणि स्वर तेच ठेवले, तर तारेचा ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २५.५ इंचांऐवजी २७ इंच स्केल असले, की तीच तार सुमारे १२ टक्के जास्त ताणलेली असते. तुमचे स्केल २७ इंच आहे, ही चांगली गोष्ट आहे. जुनी गिटार घेताना आलेल्या तारा अजून तशाच असतील, तर त्या आधी बदला आणि मग आवाजाबद्दल मत बनवा.

आता पिकपच्या आतल्या भागाकडे वळू, कारण निवड खरे तर तिथे होते. चुंबकाभोवती बारीक एनॅमल तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, इतकीच त्याची रचना. वेढे वाढवले, की व्होल्टेज वाढते, आणि त्याबरोबर इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला गुंडाळी करत असलेला विरोध) वाढतो. हा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या जागी आवाज थोडा उचललेला असतो आणि त्यापुढे तो झपाट्याने घसरतो. उदाहरणादाखल ४ हेन्रीचा पिकप घ्या आणि पाच मीटर केबल व पिकप मिळून ६०० पिकोफॅरड धरा. अनुनाद सुमारे ३,२५० हर्ट्झवर येतो. तीच केबल ठेवून ८ हेन्रीचा दमदार पिकप लावला, तर तो २,३०० वर उतरतो. जाड तारेवर प्लेक्ट्रमचा आघात ज्यामुळे कळतो तो भाग याच पट्ट्यात असल्यामुळे, अनुनाद खाली गेला की तारेची धारच जाते. उलट ४ हेन्रीच्या पिकपला दोन मीटरची केबल लावून एकूण कपॅसिटन्स ३०० वर आणली, तर अनुनाद ४,६०० पर्यंत चढतो. घरी इंटरफेस हाताशी असताना लांब केबल वापरण्याचे कारण नाही. आखूड केबल लावून ऐकून पाहा. पिकप बदलल्याइतका फरक मी ऐकलेला आहे.

दुकानदार आणि वादक दोघेही पिकपची ताकद ओहममध्ये मोजतात, याबद्दल मला तळमळीने सांगायचे आहे. मोटार भरणाऱ्या माणसाला हे पटकन कळते: तार बारीक घेतली की वेढे तेच राहूनही ओहम वाढतात. ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाड असते आणि ४३ गेजची ०.०५६, तितक्याच वेढ्यांना ४३ गेजचा पिकप सव्वापट ओहम दाखवेल, आणि त्यामुळे तो सव्वापट दमदार होत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो. एकाच पिकपचे जानेवारीच्या सकाळी घेतलेले माप १३.२ किलो-ओहम होते आणि मे महिन्यात, पत्र्याखालच्या दुकानात पारा ४४ वर असताना, तोच पिकप १४.७ दाखवत होता. पिकप बदललेला नव्हता, जळगावचा उन्हाळा मोजला गेला होता. दोन पिकपची तुलना करायचीच असेल, तर एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच मीटरने मोजा, आणि मिळाला तर उत्पादकाने दिलेला इंडक्टन्स आणि अनुनादाचा आकडा पाहा.

आपल्याकडच्या वादकासाठी आणखी एक मुद्दा आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. तुमच्या आठव्या तारेच्या पहिल्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा आहे, म्हणजे विजेची गुणगुण जवळजवळ त्याच स्वरावर येऊन बसते, आणि तिचा १०० हर्ट्झचा पट वरच्या जी च्या जवळ. सहा तारांच्या गिटारवर ५० हर्ट्झची गुणगुण फिल्टरने कापता येते, कारण तिथे कोणताही स्वर नसतो. तुमच्या गिटारवर ती कापली तर स्वरालाही धक्का लागतो. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावला, तर तो मंद होत जाणारी खर्जाची आस आणि गुणगुण यांत भेद करू शकत नाही. म्हणून आठ तारांच्या गिटारला हमबकिंग रचना असलेलाच पिकप, म्हणजे हमबकर, घ्यावा, अशी माझी ठाम शिफारस आहे. दोन गुंडाळ्या उलट दिशेने भरून आणि चुंबकाचे ध्रुव उलटे ठेवून गुणगुण मारण्याची ही युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी दाखल केली होती, आणि ती आजही तितकीच कामाची आहे.

गुणगुण कुठून येते हे ओळखण्याची रीतही लक्षात ठेवा. गिटार हातात धरून खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू वळा. वळल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती जवळच्या इन्व्हर्टरच्या किंवा अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येत आहे. तिथे तांब्याची पट्टी चिकटवून उपयोग होत नाही, दूर सरकणे किंवा हमबकर हाच उपाय. तारांना हात लावताच ती कमी झाली, तर खाचेला आतून तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडल्याने फरक पडेल.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, हा प्रश्न आता सोपा होतो. सात तारांची गिटार नवी नाही. जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस जॅझसाठी खालची जादा तार असलेली गिटार बनवून घेतली होती. डिस्टॉर्शनच्या जगात मात्र ती १९९० मध्ये, स्टीव्ह वाय यांच्याबरोबर काढलेल्या आयबानेझ युनिव्हर्समुळे रुळली, आणि तिच्यात डिमार्झिओचे पॅसिव्ह पिकप होते. आठ तारांची आयबानेझ आरजी २२२८ ही २००७ मध्ये आली ती ईएमजीचे अ‍ॅक्टिव्ह ८०८ घेऊन, त्यामुळे आठ तारा म्हणजे अ‍ॅक्टिव्ह असा समज पसरला. त्याच काळात मेशुगा या मेटल बँडचे वादक स्वीडनच्या लुंडग्रेनचे पॅसिव्ह एम ८ वापरत होते. दोन्ही मार्ग चालतात. अ‍ॅक्टिव्ह पिकपमध्ये गुंडाळीला वेढे कमी असतात आणि मागे छोटा प्रीअँप असतो. केबलच्या लांबीचा त्याच्या आवाजावर जवळजवळ परिणाम होत नाही, गुणगुण कमी असते आणि खर्ज आटोपशीर राहतो. त्याची किंमत अशी, की डिस्टॉर्शन काढून साध्या आवाजात वाजवताना हाताच्या दाबातला बारीक फरक काहींना सपाट वाटतो. फिशमनच्या फ्लुअन्समध्ये गुंडाळलेल्या तारेऐवजी छापील सर्किटचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि एकाच पिकपमध्ये स्विचने बदलणारे दोन आवाज मिळतात. आठ तारांसाठी मला तो फार समतोल वाटतो, मात्र तो ईएमजीपेक्षा वीज जास्त खातो. ईएमजीची ९ व्होल्टची बॅटरी हजारो तास जाते, फ्लुअन्सची शेकडो. बॅटरी अल्कलाइनच घ्या. स्वस्त बॅटरी उन्हाळ्यात गिटारच्या पोटात फुटून गळते आणि आतली सोल्डरिंग खाऊन टाकते. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण जॅक हाच तिचा स्विच असतो.

मंडपात वाजवणाऱ्यासाठी एक सुरक्षेची गोष्ट यात गुंतलेली आहे. पॅसिव्ह पिकपच्या गिटारीत घोडीमार्फत तारा ग्राउंडला जोडाव्या लागतात. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग बहुधा धड नसते, आणि अँप व माइक वेगवेगळ्या फेजवर असले, तर तारांवर हात आणि माइकच्या जाळीवर ओठ टेकताच झटका बसू शकतो. ईएमजीसारख्या पिकपला तारांचे ग्राउंडिंग लागत नाही, त्यामुळे तो धोका बराच कमी होतो. पिकप कोणताही असो, गाणे सुरू होण्याआधी माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारांना टेस्टर लावून पाहण्याची सवय ठेवा. दोन वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या एका लग्नात टेस्टरचा दिवा लागलेला मी स्वतः पाहिला आहे. तेव्हापासून टेस्टर माझ्या खिशातून बाहेर राहिलेला नाही.

चुंबकाच्या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. सिरॅमिकचा आवाज बहुधा घट्ट आणि धारदार असतो, अल्निको ५ चा थोडा मोकळा. पण वेढे, तारेचे गेज आणि गुंडाळीचा आकार यांचा परिणाम चुंबकाच्या नावापेक्षा मोठा असतो. सेमर डंकनचा नाझगुल सिरॅमिकचा आहे आणि पेगॅसस अल्निको ५ चा. तुमच्या तक्रारीला यांतला पेगॅसस मला जवळचा वाटतो.

ऑर्डर देण्यापूर्वी माप मात्र नीट घ्या, कारण पिकप मुंबई-पुण्याहून किंवा परदेशातून मागवावा लागतो आणि चुकीचा परत पाठवणे सोपे नसते. आठ तारांच्या गिटारवर घोडीजवळ दोन तारांत साधारण १०.५ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे पहिल्या ते आठव्या तारेपर्यंत ७३.५ मिलिमीटर. खांबांच्या (प्रत्येक तारेखाली वेगळा धातूचा खांब असलेल्या) पिकपमध्ये खांब तारेखाली न आल्यास ती तार दबकी वाजते. पट्टीच्या, म्हणजे ब्लेडच्या, पिकपमध्ये ही अडचण येत नाही. अ‍ॅक्टिव्हची बंद, बेसच्या सोपबारसारखी पेटी आणि पॅसिव्हचा उघडा आकार यांच्या खाचा वेगळ्या असतात. सध्याच्या पिकपची लांबी, रुंदी आणि कानांतल्या स्क्रूचे अंतर व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा. लाकूड कोरून खाच वाढवता येते, पण कोरलेले परत भरून येत नाही. शक्यतो आहे त्या खाचेत बसणाराच पिकप निवडा.

मानेकडचा पिकप घोडीकडच्यापेक्षा कमी ताकदीचा घ्या. तिथे तारेची हालचाल मोठी असल्यामुळे खर्ज आपोआप जास्त येतो. चार सुट्या वायरी असलेला पॅसिव्ह हमबकर घेतलात, तर पुश-पुल पॉटवर (ओढून-दाबून स्विचसारखे वापरता येणाऱ्या फिरत्या बटणावर) दोन गुंडाळ्या समांतर जोडून घ्या. समांतर जोडणीत इंडक्टन्स मालिका जोडणीच्या चौथाईवर येतो, अनुनाद वर चढतो, आणि एक गुंडाळी बंद करण्याच्या पद्धतीप्रमाणे गुणगुण परत येत नाही. ऑर्केस्ट्रात अहिराणी गाण्यांमागे साधी, उघडी कॉर्ड लागते तेव्हा हा आवाज तुम्हाला फार उपयोगी पडेल.

तुमच्यासाठी क्रम असा: नव्या तारा, उंची, आखूड केबल आणि डिस्टॉर्शनच्या आधीचा फिल्टर. एवढे करूनही आठवी तार बोलली नाही आणि मंडपातले कार्यक्रम वाढणार असतील, तर घोडीकडे फ्लुअन्स किंवा ८०८ बसवा. मुख्यतः घरी वाजवणार असाल, तर मध्यम ताकदीचा पॅसिव्ह हमबकर घ्या आणि त्याला ५०० किलो-ओहमचे पॉट लावा. अ‍ॅक्टिव्हबरोबर येणारे २५ किलो-ओहमचे पॉट पॅसिव्हला ठेवले, तर वरचे सगळे स्वर गिळले जातात. जुन्या पिकपच्या वायरी कापण्याआधी त्यांच्या रंगांचा आणि जागांचा फोटो काढून ठेवा, कारण वेगवेगळे उत्पादक त्याच कामासाठी वेगवेगळे रंग वापरतात.